बेड्यांची बातमी आणि मध्यममार्गी स्त्री

अमेरिकेत स्थलांतरविषयक कायद्यांची अंमलबजावणी ज्या पद्धतीने होत आहे, तिच्या बातम्यांनी तेथील राजकारण तर ढवळून निघालेच, पण घराघरांतील बोलणीही अवघड होऊन बसली. या कारवाईचे कट्टर समर्थक आणि कट्टर विरोधक यांच्याविषयी पुष्कळ लिहिले जाते. देशाच्या सीमेवर नियंत्रण असावे, कायद्याचा मान राहावा असे मनापासून मानणाऱ्या, आणि तरीही लेकराला शाळेत सोडायला निघालेल्या बापाला वाटेत ताब्यात घेतल्याची बातमी वाचून ज्यांच्या घशाखाली घास उतरत नाही, अशा मधल्या स्त्रियांचा विचार मात्र क्वचितच होतो. जनमत चाचण्या घेणाऱ्या गॅलप या संस्थेच्या नोंदींनुसार 2024 मध्ये आपली राजकीय ओळख ‘मध्यममार्गी’ अशी सांगणारे अमेरिकन प्रौढ सुमारे 34 टक्के होते. तेव्हा हा गट मूठभर लोकांचा नाही. त्यातील स्त्रियांना या बातम्या पचवायला मदत करायची तर त्यांची अस्वस्थता नेमकी कशातून येते हे आधी समजून घ्यावे लागते. ती केवळ हळवेपणातून येत नाही आणि केवळ अज्ञानातूनही येत नाही. एकाच वेळी खऱ्या वाटणाऱ्या दोन गोष्टी मनात बाळगल्याने ती निर्माण होते, आणि त्यांपैकी एक टाकून दे असा सल्ला देणे म्हणजे मदत नव्हे.

बातमी समजण्यासाठी तिच्यामागची यंत्रणा माहीत असणे आवश्यक आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘आइस’ या नावाने ओळखले जाणारे खाते 2003 मध्ये, अंतर्गत सुरक्षा मंत्रालयाच्या अखत्यारीत स्थापन झाले. देशात राहण्याचा कायदेशीर हक्क नसलेल्या परदेशी व्यक्तींना शोधणे, स्थानबद्ध करणे आणि मायदेशी पाठवणे हे त्याचे मुख्य काम आहे. येथे एक बारकावा महत्त्वाचा ठरतो. परवानगीवाचून सीमा ओलांडणे हा अमेरिकेत फौजदारी गुन्हा असला, तरी व्हिसाची मुदत संपल्यावर देशात राहणे हे मुळात दिवाणी स्वरूपाचे उल्लंघन मानले जाते, आणि हद्दपारीची सुनावणीही दिवाणी प्रक्रियाच समजली जाते. त्यामुळे फौजदारी खटल्यातील आरोपीला सरकारी खर्चाने मिळणारा वकील येथे मिळत नाही; पदरमोड करून किंवा एखाद्या सेवाभावी संस्थेच्या आधाराने वकील मिळवावा लागतो, अन्यथा इंग्रजी न जाणणाऱ्या माणसालाही स्वतःची बाजू स्वतःच मांडावी लागते. ही सुनावणी जेथे होते ती स्थलांतर न्यायालयेही स्वतंत्र न्यायसंस्थेचा भाग नसून सरकारच्या न्याय खात्याच्या कक्षेत येतात.

ही यंत्रणा कोणा एका पक्षाने उभी केलेली नाही. हद्दपारीची कारणे वाढवणारा आणि स्थानिक पोलिसांना या कामात सामील करून घेण्याची वाट उघडणारा कायदा 1996 मध्ये बिल क्लिंटन यांच्या सहीने अमलात आला, आणि बराक ओबामा यांच्या कारकिर्दीत 2012 या आर्थिक वर्षात ‘आइस’ने सुमारे 4 लाख 10 हजार व्यक्तींना देशाबाहेर पाठवले. मध्यममार्गी स्त्रीला हा इतिहास सांगणे गरजेचे असते, कारण ‘आजच हे का दिसते’ हा तिचा प्रश्न रास्त असतो आणि त्याचे उत्तर केवळ आकड्यांत मिळत नाही. कारवाई कोठे, कशी आणि कोणावर होते यात ते दडलेले आहे. शाळा, रुग्णालये आणि प्रार्थनास्थळे ही ‘संवेदनशील ठिकाणे’ मानून तेथे शक्यतो कारवाई टाळावी, असे धोरण 2011 पासून लेखी स्वरूपात होते. डोनाल्ड ट्रम्प यांच्या दुसऱ्या कारकिर्दीच्या आरंभीच, जानेवारी 2025 मध्ये, ते मागे घेण्यात आले. त्याच वर्षी 4 जुलै रोजी सही झालेल्या कायद्याने केवळ स्थानबद्धता केंद्रांसाठी सुमारे 45 अब्ज डॉलरची तरतूद केली, आणि ऑगस्टपर्यंत स्थानबद्ध असलेल्यांची संख्या 60 हजारांच्या पुढे गेली. त्यांतील बहुसंख्यांना कोणत्याही गुन्ह्यात शिक्षा झालेली नव्हती. गुंडांना आणि तस्करांना हाकलून लावावे या अपेक्षेने ज्यांनी मत दिले होते, त्यांना सुक्याबरोबर ओलेही जळताना दिसू लागले.

जनमतावरही याचा परिणाम उमटला. स्थलांतर कमी व्हावे असे म्हणणाऱ्यांचे प्रमाण गॅलपच्या पाहणीत 2024 मध्ये 55 टक्के होते, ते 2025 मध्ये 30 टक्क्यांवर आले, आणि स्थलांतर देशासाठी चांगले आहे असे मानणारे 79 टक्क्यांपर्यंत पोहोचले. एका वर्षात इतके मत बदलते तेव्हा बदलणारे लोक टोकाचे नसतात, मधलेच असतात. या बदलामागे असंख्य मनांतील ओढाताण आहे आणि ती ओढाताण सुखाची नसते.

परस्परविरोधी दबावांखाली असलेल्या मतदारांचा अभ्यास समाजशास्त्रज्ञ पॉल लाझर्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओहायो राज्यातील ईरी काउंटीत 1940 च्या निवडणुकीच्या वेळी केला होता. घर, धर्म आणि व्यवसाय अशा वेगवेगळ्या बाजूंनी वेगवेगळ्या दिशांना ओढले जाणारे लोक निर्णय लांबणीवर टाकतात, निवडणुकीतील त्यांचा रस कमी होतो, असे त्यांना आढळले. मध्यममार्गी स्त्रीच्या वाट्याला हा दबाव आजही येतो. तिचा भाऊ सीमा सुरक्षा दलात असू शकतो, तिच्या आजारी आईची शुश्रूषा करणारी बाई कागदपत्रांवाचून राहणारी असू शकते, चर्चमधील मैत्रीण एक म्हणते आणि कॉलेजात शिकणारी मुलगी दुसरे. अमेरिकेतील घरकाम, बालसंगोपन आणि वृद्धसेवा ही क्षेत्रे मोठ्या प्रमाणात स्थलांतरित स्त्रियांच्या श्रमावर चालतात; त्यामुळे ज्यांच्याविषयी बातमी येते त्या माणसांशी या स्त्रियांचा संबंध बहुधा राजकारणातून येत नाही, तो रोजच्या व्यवहारातून येतो. आकडेवारीतील ‘बेकायदा स्थलांतरित’ तिच्या लेखी आपल्या बाळाला आंघोळ घालणारी कोणी एक बाई असते.

अशा स्त्रीने तोंड उघडले, तर एका बाजूचे लोक तिला निर्दय ठरवतात आणि दुसऱ्या बाजूचे भाबडी. तिच्या भूमिकेला ‘तळ्यात-मळ्यात’ म्हणून हिणवले जाते. आपले मत अल्पमतात आहे असे वाटू लागले की माणसे गप्प बसतात आणि त्यांच्या गप्प बसण्यामुळेच ते मत अधिकच अल्पमतात असल्याचा भास होतो, या प्रक्रियेला जर्मन अभ्यासक एलिझाबेथ नोएल-नॉयमान यांनी 1974 मध्ये ‘मौनाचे आवर्त’ असे नाव दिले. ‘मोअर इन कॉमन’ या संस्थेच्या 2018 च्या अहवालाने तर अमेरिकन समाजाचा सुमारे दोन तृतीयांश भाग ‘थकलेले बहुमत’ या वर्णनात बसवला होता. टोकाच्या भांडणाला कंटाळलेले, तडजोडीला तयार असलेले, पण ज्यांचा आवाज कोठे ऐकू येत नाही असे हे लोक. दुःखद बातमीने झालेला त्रास बोलून दाखवता आला तर हलका होतो, आणि या स्त्रियांकडून तो बोलण्याचा मार्गच हिरावला गेलेला असतो. त्यांच्या तळमळीचे हे सर्वांत मोठे आणि सर्वांत दुर्लक्षित कारण आहे.

दुसरे कारण बातमीच्या स्वरूपात आहे. 12 जून 2018 च्या रात्री टेक्सासमधील मॅकॅलन या सीमेलगतच्या गावी छायाचित्रकार जॉन मूर यांनी एक छायाचित्र टिपले. गस्तीच्या गाडीशेजारी एका होंडुरासच्या स्त्रीची झडती चालू आहे, तिने खाली उभी केलेली जेमतेम दोन वर्षांची मुलगी मान वर करून आक्रोश करते आहे. चौकटीत मोठ्या माणसांचे फक्त पाय आणि हात दिसतात, चेहरा दिसतो तो एकट्या त्या मुलीचा. त्या वेळी ‘शून्य सहिष्णुता’ नावाचे धोरण लागू होते. परवानगीवाचून सीमा ओलांडणाऱ्या प्रत्येक प्रौढावर फौजदारी खटला भरायचा, असा त्याचा अर्थ होता. आईबापांना फौजदारी कोठडीत नेले की तेथे मुले ठेवता येत नसल्याने ती ‘एकटी आलेली मुले’ ठरून आरोग्य खात्याच्या निवाऱ्यांत पाठवली जात. 2017 आणि 2018 या वर्षांत अशा रीतीने पाच हजारांहून अधिक मुलांची ताटातूट झाली. मूर यांचे छायाचित्र या ताटातुटीचे प्रतीक बनले, ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकले. पुढे उघड झाले की त्या विशिष्ट मुलीची आणि तिच्या आईची ताटातूट झालीच नव्हती. दोघी एकत्रच होत्या.

या एका प्रसंगात बातमी पचवण्यातली सगळी अडचण सामावलेली आहे. छायाचित्र खोटे नव्हते. झडती झाली होती, मुलगी रडली होती. धोरणही खोटे नव्हते. हजारो मुलांना त्याची झळ बसली. मात्र त्या छायाचित्राला चिकटलेला अर्थ त्या मुलीपुरता चुकीचा होता, आणि तेवढ्या धाग्यावरून सरकारच्या समर्थकांनी सगळेच थोतांड असल्याचे म्हटले. मध्यममार्गी स्त्री अशा वेळी दुहेरी घायाळ होते: आधी चित्राने आणि मग आपल्याला फसवले गेले या भावनेने. तिच्याशी बोलणाऱ्याने या तिन्ही गोष्टी, म्हणजे चित्र, धोरण आणि जोडलेला अर्थ, वेगवेगळ्या करून तिच्यापुढे ठेवल्या, तर तिला ना आपल्या कळवळ्याची लाज वाटेल ना आपल्या चिकित्सेची. 7 जानेवारी 2026 रोजी मिनियापोलिस शहरात स्थलांतर खात्याच्या अधिकाऱ्याच्या गोळीबारात 37 वर्षांची, तीन मुलांची आई असलेली एक अमेरिकन नागरिक तिच्याच मोटारीत मृत्युमुखी पडली, तेव्हाही वेगवेगळ्या कोनांतून घेतलेल्या चित्रफिती काही तासांत देशभर फिरल्या; सरकारने स्वसंरक्षणाचा दावा केला, शहराच्या महापौरांनी तो साफ फेटाळला, आणि लक्षावधी स्त्रियांनी मोबाइलच्या पडद्यावर एका आईचा मृत्यू पुन्हा पुन्हा पाहिला.

पुन्हा पुन्हा पाहण्याने काय होते याविषयी बऱ्यापैकी ठोस पुरावा उपलब्ध आहे. 2013 मध्ये बॉस्टन येथील मॅरेथॉन शर्यतीत झालेल्या बाँबस्फोटांनंतर अ‍ॅलिसन होलमन, डेना रोझ गारफिन आणि रॉक्सेन कोहेन सिल्व्हर या संशोधकांनी साडेचार हजारांहून अधिक अमेरिकनांची पाहणी केली. स्फोटानंतरच्या आठवड्यात रोज सहा किंवा त्याहून अधिक तास त्याविषयीच्या बातम्या पाहणाऱ्यांत तीव्र ताणाची लक्षणे, प्रत्यक्ष घटनास्थळी असलेल्यांपेक्षाही अधिक आढळली. पडद्यावरून येणारा आघात खरा नसतो, ही समजूत या निष्कर्षाने खोडून काढली. दुसऱ्या बाजूला, अति पाहण्याने मन बधिरही होते. मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोविक यांनी ‘मानसिक बधिरता’ म्हणजे संकटग्रस्तांची संख्या वाढत जाते तसतशी कणव कमी होत जाण्याची प्रवृत्ती, हिचा दीर्घ अभ्यास केला आहे. सप्टेंबर 2015 मध्ये तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर वाहून आलेल्या सीरियन बालकाच्या छायाचित्रानंतर स्वीडनच्या रेड क्रॉसकडे येणाऱ्या देणग्या कितीतरी पटींनी वाढल्या आणि सुमारे दीड महिन्यात ओसरल्या, हे त्यांच्या सहकाऱ्यांसह केलेल्या अभ्यासात नोंदलेले आहे. मन सतत पेटते राहू शकत नाही. ते जळून जाण्याआधीच आपोआप विझते, आणि विझल्याची टोचणी मागे उरते.

बातमीपासून पूर्णपणे तोंड फिरवणे हा यावरचा उपाय नाही, मात्र तो अनेक स्त्रिया का पत्करतात हे समजण्यासारखे आहे. रॉयटर्स इन्स्टिट्यूटच्या जागतिक पाहण्यांत बातम्या अधूनमधून किंवा नेहमी टाळणाऱ्यांचे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास आहे आणि त्यांत स्त्रियांचा भरणा अधिक आहे. बेंजामिन टॉफ, रूथ पामर आणि रास्मुस क्लाइस नील्सन यांनी बातम्या टाळणाऱ्यांवर 2023 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात याची मुळे घरकामाच्या आणि संगोपनाच्या असमान ओझ्यापर्यंत शोधली आहेत. दिवसभर इतरांच्या भावना सांभाळणाऱ्या बाईला संध्याकाळी जगाचे दुःख सोसवत नाही, यात तिचा दोष कसा मानावा? तेव्हा मदतीची पहिली पायरी बातमीचे प्रमाण ठरवण्याची असावी. दिवसातून ठरावीक वेळी, शक्यतो चित्रफितीऐवजी लिखित स्वरूपात, एका स्थानिक आणि एका राष्ट्रीय वृत्तपत्राची बातमी वाचावी आणि झोपण्यापूर्वीचा तास मोकळा ठेवावा, एवढी साधी शिस्तही पुष्कळ फरक पाडते. जास्त पाहिल्याने जास्त कळते, असेही नाही. ‘मोअर इन कॉमन’च्याच 2019 च्या एका अभ्यासात, जे लोक बातम्यांत सतत बुडालेले असतात त्यांच्या मनातील विरुद्ध पक्षाची प्रतिमा, क्वचित बातम्या पाहणाऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक विकृत असल्याचे दिसून आले.

प्रमाण सावरल्यावर भावनांची उकल करण्याकडे वळता येते. ‘मला फार त्रास होतो’ या वाक्यात अनेक निरनिराळ्या भावना एकत्र गुंतलेल्या असतात. कोणाला भीती वाटत असते, कारण आपल्या कुटुंबातील जावई ग्रीनकार्डधारक असतो. कोणाला शोक होत असतो, कारण ओळखीची बाई एका दिवशी कामावर आली नाही आणि नंतर तिचा पत्ताच लागला नाही. माणूस मेलेला नाही पण हाती लागत नाही, या अवस्थेला कुटुंबशास्त्रज्ञ पॉलिन बॉस यांनी ‘अनिश्चित वियोग’ म्हटले आहे आणि तिच्यात शोकाला शेवट सापडत नाही. कोणाला अपराधी वाटत असते, कारण याच सरकारला आपण मत दिले होते. हा शेवटचा घाव सर्वांत नाजूक असतो. आपण ज्याला संमती दिली त्यातून आपल्या नीतिबुद्धीला न पटणारे काही घडले, अशा वेळच्या यातनेला सैनिकांवर उपचार करणारे मानसोपचारतज्ज्ञ जोनाथन शे यांच्या लेखनापासून ‘नैतिक जखम’ असे म्हटले जाऊ लागले. अशा स्त्रीला ‘आता कळले ना?’ असे विचारणारा माणूस तिच्या जखमेवर मीठ चोळतो, आणि आपली चूक झालीच नाही असे पटवून घेण्याखेरीज तिच्यापुढे मार्ग ठेवत नाही. पश्चात्तापाला जागा द्यायची असेल तर टोमणे थांबवावे लागतात.

या गुंत्यात एकच विचार रवंथासारखा फिरत राहण्याची सवय घातक असते. सुझन नोलेन-हुक्सेमा यांच्या संशोधनाने तिचा नैराश्याशी असलेला संबंध आणि ती स्त्रियांत अधिक आढळते ही बाब, दोन्ही पुढे आणल्या. तिच्यावर एक परिणामकारक उपाय लिहिण्याचा आहे. जेम्स पेनेबेकर यांच्या 1986 च्या प्रयोगात सहभागी विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, आपल्या आयुष्यातील क्लेशदायक अनुभवाविषयी लिहिले. लिहिल्यानंतर लगेच त्यांना अधिक उदास वाटले, पण पुढील महिन्यांत त्यांच्या दवाखान्यातील खेपा कमी झाल्या. बातमीविषयी लिहिताना घटना काय घडली, ती कशी कळली आणि आपल्याला काय वाटले हे वेगवेगळ्या परिच्छेदांत लिहिले, तर भावना आणि तथ्ये आपोआप सुटी होऊ लागतात. ज्यांची झोप उडाली आहे, भूक मेली आहे किंवा ज्यांना जुने आघात पुन्हा आठवू लागले आहेत, त्यांनी मात्र वहीवर न थांबता समुपदेशकाकडे जायला हवे.

धास्ती कमी करण्याच्या कामी कायद्याचे नेमके ज्ञान सांत्वनाच्या शब्दांपेक्षा अधिक उपयोगी पडते, आणि येथे थोडे तपशिलात जाणे योग्य ठरेल. दारावर येणारे अधिकारी जो कागद दाखवतात तो दोन प्रकारचा असू शकतो. एक न्यायालयीन वॉरंट. त्यावर न्यायालयाचे नाव, ज्या घराची झडती घ्यायची त्याचा पत्ता, तारीख आणि न्यायाधीशाची सही असते. दुसरे प्रशासकीय वॉरंट. त्याच्या माथ्यावर अंतर्गत सुरक्षा मंत्रालयाचे नाव असते आणि खाली सही असते ती त्याच खात्यातील अधिकाऱ्याची. राज्यघटनेच्या चौथ्या दुरुस्तीने नागरिकांना आणि परदेशी व्यक्तींनाही बेकायदा झडतीपासून संरक्षण दिले आहे, आणि तिचा प्रस्थापित अर्थ असा की घरातील माणसाच्या संमतीवाचून आत शिरायला न्यायाधीशाची सही लागते. अंतिम हद्दपारीचा आदेश निघालेल्या व्यक्तीच्या घरात प्रशासकीय वॉरंटवरही शिरता येते, असा पवित्रा ‘आइस’ने 2025 मधील एका अंतर्गत टिपणात घेतल्याचे नंतर उघड झाले आणि त्यावर तीव्र वाद उसळला; म्हणूनच ‘दार बंद ठेवा, काही होणार नाही’ असे छातीठोक आश्वासन कोणी कोणाला देऊ नये. तरीही कागद दाराच्या फटीतून किंवा खिडकीतून दाखवायला सांगणे, सही कोणाची ते वाचणे, गप्प राहण्याचा हक्क वापरणे आणि वकिलाचा क्रमांक जवळ ठेवणे या गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. बातमीत ‘वॉरंट होते’ असे वाचल्यावर कोणते वॉरंट, हा प्रश्न जिला विचारता येतो, ती स्त्री त्या बातमीपुढे निम्म्याने कमी असहाय असते.

माहितीच्या जोडीला ऐकणे लागते. जोशुआ काला आणि डेव्हिड ब्रुकमन या राज्यशास्त्रज्ञांनी 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, कागदपत्रांवाचून राहणाऱ्या स्थलांतरितांविषयी मतदारांशी घरोघर संवाद साधला गेला. नुसते युक्तिवाद ऐकवले तेव्हा फरक पडला नाही. समोरच्याला दोष न देता त्याचे अनुभव ऐकून घेतले आणि आपले अनुभव सांगितले, तेव्हा मतांत झालेला बदल लहान असला तरी काही महिने टिकला. या संशोधनाचा उपयोग मते फिरवण्यासाठी केला जातो, पण त्यातली पद्धत मन हलके करण्यासाठीही तितकीच उपयोगी आहे. पाच-सात जणींनी एकत्र बसावे, प्रत्येकीने बिनव्यत्यय बोलावे, कोणी दुरुस्त्या सुचवू नयेत, कोणाला बाजू निवडायला भाग पाडू नये. एवढ्या नियमांनी चालणारी बैठक मध्यममार्गी स्त्रीचे मौन सोडवू शकते.

अशा बैठकीत अखेरीस एक प्रश्न हमखास येतो: मग करायचे काय? सीमा खुल्या कराव्यात असे तिला वाटत नाही, आणि जे चालले आहे तेही पाहवत नाही. या दोन्ही गोष्टी एका दमात बोलता येतात, हे 17 जून 2018 रोजी माजी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी लॉरा बुश यांनी ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये लिहिलेल्या लेखातून दाखवून दिले. रिपब्लिकन घराण्यातील, सीमेलगतच्या टेक्सास राज्यात राहणाऱ्या या बाईंनी सीमेच्या रक्षणाची गरज मान्य केली आणि त्याच लेखात मुलांची ताटातूट क्रूर आणि अनैतिक असल्याचे स्पष्ट शब्दांत सांगितले. तीनच दिवसांनी, चहूबाजूंनी उठलेल्या रोषापुढे, ताटातूट थांबवण्याचा आदेश ट्रम्प यांना काढावा लागला, आणि 26 जून रोजी न्यायाधीश डेना सॅब्रॉ यांनी मुलांना आईबापांकडे परत पोहोचवण्याचा हुकूम दिला. हे एका लेखाने घडले असे कोणी म्हणणार नाही. मात्र विरोध केवळ विरोधी पक्षाचा राहिला नाही, म्हणून त्याला वजन आले, हे खरे आहे. मधल्या माणसाच्या शब्दाची किंमत ती हीच. लोकप्रतिनिधीला लिहिलेले पत्र, स्थलांतरितांना मोफत वकील देणाऱ्या संस्थेला दिलेली छोटी पण नियमित देणगी, ताब्यात घेतलेल्या आईच्या मुलांना चार दिवस शाळेत नेण्या-आणण्याची जबाबदारी, यांपैकी जे जमेल ते एकच काम हाती घेतल्याने असहायतेची धार बोथट होते. एकीने सगळेच अंगावर घ्यायला जाऊ नये.

या साऱ्याचा मराठी घरांशीही संबंध आहे. 5 फेब्रुवारी 2025 रोजी अमेरिकेच्या लष्करी विमानाने 104 भारतीयांना अमृतसर येथे आणून सोडले. त्यांत 33 जण हरियाणाचे, 33 गुजरातचे, 30 पंजाबचे होते, आणि 3 महाराष्ट्राचेही. हातात बेड्या आणि पायात साखळदंड घालून माणसांना चालवत नेल्याची दृश्ये अमेरिकेतील मराठी कुटुंबांनी पाहिली तेव्हा त्यांच्यातही मतभेद झाले. रीतसर व्हिसा काढून, वर्षानुवर्षे कर भरून, ग्रीनकार्डाच्या रांगेत दहा-पंधरा वर्षे काढलेल्या स्त्रीला रांग मोडून आलेल्यांविषयी राग येणे स्वाभाविक आहे. नोकरीच्या आधारे मिळणाऱ्या ग्रीनकार्डांपैकी कोणत्याही एका देशाच्या वाट्याला वर्षाकाठी सुमारे 7 टक्क्यांहून अधिक येऊ नयेत या मर्यादेमुळे त्यांत भारतीयांची रांग सर्वांत लांब झाली आहे. तिलाच त्या बेड्या पाहून वाईटही वाटले, आणि आपल्या वाईट वाटण्याचे काय करावे हे तिला उमगले नाही. 19 सप्टेंबर 2025 रोजी एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर 1 लाख डॉलर शुल्क जाहीर झाले, तेव्हा ते कोणाला लागू आणि कोणाला नाही हे स्पष्ट होईपर्यंतच्या एक-दोन दिवसांत सुट्टीवर मायदेशी आलेल्या अनेकांची धावपळ उडाली; रांगेत उभे असलेल्यांनाही धास्तीपासून सूट नाही, हे त्या दिवसांनी दाखवले. अठरा वर्षांवरील परदेशी नागरिकाने, ग्रीनकार्ड असले तरी, आपला नोंदणीचा पुरावा सदैव जवळ बाळगावा ही तरतूद तर 1952 च्या कायद्यातच आहे, पण ती पाळण्याची गरज आतापर्यंत फारशी कोणाला भासत नव्हती.

इकडे पुण्या-नागपुरात किंवा सांगली-पणजीत बसून रात्री उशिरापर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या चित्रफिती पाहणाऱ्या आयांनी तिकडच्या लेकीला प्रत्येक चित्रफीत पुढे पाठवू नये. त्याऐवजी फोन करून ‘तुझी कागदपत्रे कोठे आहेत, वकिलाचा नंबर कोणाकडे आहे, मुलांना शाळेतून आणायला तुझ्याशिवाय कोणाची नावे दिली आहेत?’ एवढे विचारावे. उत्तर अमेरिकेतील महाराष्ट्र मंडळांनी गणेशोत्सव आणि दिवाळीच्या कार्यक्रमपत्रिकेत वर्षातून दोन दुपारी या विषयासाठी राखून ठेवाव्यात, एक स्थलांतर कायद्याच्या वकिलासोबत आणि एक समुपदेशकासोबत, आणि त्या बैठकांना कोणत्याही पक्षाचा प्रचारक बोलावू नये.